शोकेसमधली डिक्शनरी

मी डिक्शनरी बोलतेय. इंग्रजी-मराठी, जाडजूड, पाठीवर सोनेरी अक्षरं आणि वाळवीनं खाल्लेला एक कोपरा. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. अर्धं आयुष्य काचेआड काढलंय मी.

छापखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी मला फाटेस्तोवर वापरेल. नशिबी आले मानसिंग. फौजेत नाईक असताना बेळगावच्या जुन्या बाजारात त्यांनी मला उचललं, ते माझी जाडी बघून. आत काय आहे ते बघितलंच नाही. पुढं सुभेदार होऊन रिटायर झाले, साताऱ्यात एमआयडीसीच्या अंगाला स्लॅबचं घर बांधलं आणि हॉलमध्ये शोकेस केलं. वरच्या कप्प्यात मेडलं, खालच्यात प्लास्टिकची फुलं आणि मी. पाहुणा आला की सुभेदार माझ्याकडं बोट करून सांगायचे, आमच्यात वाचनाची आवड पहिल्यापासून. खरं सांगते, त्या घरात मला सगळ्यात जास्त वाचलं ते झुरळांनी.

दसऱ्याला मात्र मान. पाटावर तलवार, बंदूक आणि मी. सुभेदारांची आई, चंद्राबाई, हळदीकुंकू लावायच्या आणि बजावायच्या की पूजेतलं पुस्तक आज उघडायचं न्हाई. बाकीच्या दिवशी तरी कोण उघडत होतं?

उघडलं ते सुभेदारांच्या पोरीनं, क्रांतीनं. ती इंजिनिअरिंगला होती. तपासणीची समिती यायच्या दिवशी तेवढं तिथल्या वर्कशॉपमधल्या मशीनवरचं प्लास्टिक काढायचे, समिती गेली की परत झाकायचे. दुसऱ्या वर्षाला वैतागून पोरगी घरी आली ती परत गेलीच नाही. कोरेगाव रस्त्याला ज्ञानू मिस्त्रींच्या दुकानात मोटारी भरायला शिकली. विहिरीवरची मोटर जळली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची भरायची, असलं काम. हात काळे, नखांत वार्निश.

सुभेदारांनी गावभर सांगितलं, पोरगी फायनल इयरला आहे, सुट्टीला आलीय. ती सुट्टी काही संपेना. मग पाहुणे आले की क्रांतीला आतल्या खोलीत धाडायचे. एकदा आत जाताना ती मला काखेत घेऊन गेली, आणि तिला नाद लागला. वस्तू कशी दिसते ते सांगणारे माझे जुने शब्द ती हुडकायची, आता फारसे कुणी वापरत नाही असले. टॉड्री म्हणजे भपकेबाज पण हलकं. ती म्हणाली, हे आमचं शोकेस. सीमली म्हणजे चारचौघांत शोभेल असं. हा आप्पांचा देव, बापाबद्दल म्हणाली. वॉन म्हणजे रंग उडालेलं, निस्तेज. इथं तिनं नुसतं पान उलटलं.

यंदा ऐन दसऱ्याला विट्याहून बाळासो आपल्या पोरासाठी मुलगी बघायला यायचे होते. त्यांना सून इंजिनिअरच पाहिजे होती. आदल्या दिवशी सुभेदारांनी हुकूम सोडला. क्रांतीनं फायनल इयर म्हणून सांगायचं, आणि उद्यापासून दुकान बंद. तिला विचारलं कुणीच नाही.

सकाळी तिनं पाटावर माझ्या शेजारी आपली पक्कड ठेवली. दसऱ्याला अवजारं पुजतातच, त्यात तिचं काय चुकलं? सुभेदारांनी पक्कड उचलली आणि शोकेसच्या मागं टाकली. तलवार राहिली. ती कुणी कधी चालवली नाही, आणि गंजून म्यानातून निघतही नाही. पण दिसते छान.

बाळासो आले, पोहे झाले. मग म्हणाले, "जरा इंग्लिश वाचून दाखव की पोरी. आमचा पोरगा फाडफाड बोलतोय. जोडा जुळाय नको व्हय?"

सुभेदारांनी स्वतः मला पाटावरनं उचललं.

"आरं मानसिंगा, आज उघडायचं न्हाई तिला," चंद्राबाई म्हणाल्या.

"पाहुण्यांसाठी चालतंय, आई."

थोरल्यांचे नियम असे असतात बघा.

क्रांतीनं मला मांडीवर घेतलं. तिनं एक पान काढलं आणि वाचलं, स्पीशस.

"म्हंजे काय गं?"

"वरून खरं दिसतंय, आत खोटं असतंय."

"वा. आता वाक्यात घालून सांग."

तिनं बापाकडं बघितलं. सुभेदार हसत होते.

"मी फायनल इयरला हाय," ती म्हणाली.

बाळासोंनी आधी कौतुकानं मान हलवली. तेव्हा तिनं मला मिटलं.

"काका, ते उदाहरण होतं. मी कॉलेज कवाच सोडलंय. मोटारी भरते, आन दुकान सोडणार न्हाई. चालत असंल तर फुडं बोला."

बाळासोंनी रुमालानं हात पुसले. "सुभेदार," ते शांतपणे म्हणाले, "फौजेतला माणूस म्हणून आमी चौकशीबी केली न्हाई." आणि पायात चपला सरकवून गेले.

मग घरात जे सुरू झालं ते काय सांगू. सुभेदार म्हणाले, नाक कापलं पोरीनं. चंद्राबाई म्हणाल्या, पूजेतलं पुस्तक उघडलं, त्याचंच हे फळ. खोटं बोललो म्हणून असं झालं, हे एकाही तोंडातून निघालं नाही. शेवटी सगळा राग माझ्यावर निघाला. उद्याच्या उद्या रद्दीत घाला ती डिक्शनरी, सुभेदार म्हणाले. क्रांतीनं वाकून शोकेसमागची पक्कड काढली, मला काखेत मारलं आणि चालती झाली.

आता मी दुकानात असते. ज्ञानू मिस्त्रींनी शेजारचा गाळा तिला चालवायला दिलाय. माझ्या पानांवर ग्रीसचे ठसे आहेत, पाठीवरची सोनेरी अक्षरं झिजत चाललीत. झिजू देत. सुभेदार रोज स्कूटरवरून समोरनं जातात, मान ताठ, नजर सरळ. ती रोज घरी जाऊन जेवते. ते बोलत नाहीत. ती माघार घेत नाही.

थोरल्यांनो, मेडलं लावा काचेआड. फुलं लावा. पोरांना लावू नका. आम्ही तिथं बऱ्या दिसतो, पण आतनं कुजतो.

काल बोर्ड रंगवणारा आला होता. 'क्रांती मोटर रिवायंडिंग' एवढं लिहून झाल्यावर त्यानं विचारलं, ताई, वर जागा उरलीय, 'सुबक', 'उत्तम' असलं काही टाकू का? माझ्या पोटात असले शब्द ढिगानं. ती माझ्याकडं वळलीसुद्धा नाही.

"नको," ती म्हणाली. "मोटर लावून बघतील की लोकं."