मागच्या ब्रेकची पिन

गुलाब गेला, तेव्हापासून मीराबाईने त्याच्या फटफटीला हात लावला नव्हता. राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत, तिच्या क्वार्टरच्या मागच्या अंगाला ती गाडी गोणपाटाखाली उभी होती. धुणं वाळत घालायला गेली तरी मीराबाई तिकडे पाठ करूनच उभी राहायची.

गुलाब तिचा धाकटा भाऊ. पावसाळा सरता सरता कोरपन्याच्या रस्त्यावर त्याचा अपघात झाला. गाडी तोच चालवत होता आणि मीराबाईचा नवरा सोमाजी मागे बसला होता. फाट्यावरून एक ट्रक अचानक आडवा आला. गुलाबने मागच्या ब्रेकवर पाय रोवला, चाक जाम झालं आणि रस्त्यावर साचलेल्या सिमेंटच्या भुकटीवरून गाडी आडवी घसरत ट्रककडे गेली. सोमाजी उडून कपाशीच्या शेतात पडला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. गाडीचं हँडल वाकलं, पुढचा मडगार्ड चेपला. गुलाब मात्र जागीच गेला.

सोमाजी खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. खांदा बरा झाल्यावर तो पुन्हा कामावर जाऊ लागला, पण पायी. शेजारचा कोणी सायकलवर डबलसीट घेऊन जातो म्हणाला तरी तो नको म्हणायचा. मीराबाईला ते बरंच वाटत होतं. निदान हा माणूस तरी चाकांपासून लांब राहील.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी तो कामावरून आला, हातपाय धुतले आणि चुलीजवळ बसला. मग म्हणाला, "नागपूरचा एक क्लब येऊन राह्यला. चांद्याच्या बाहेर विमानाची जुनी पट्टी आहे ना, तिथी. नवीन लोकायले गाडी शिकवतेत. रेस नाई ते. वळण कसं घ्याचं, ब्रेक कसा माराचा, एवढंच."

मीराबाईची भाकर तव्यावर तशीच राहिली.

"मी नाव देलं," तो म्हणाला.

"कोनची गाडी घेऊन जान तुमी?"

उत्तर तिला ठाऊक होतं. सोमाजीने मागच्या दाराकडे पाहिलं.

"त्या गाडीनं माया भाऊ खाल्ला," ती म्हणाली. "आता तुमाले बी तिच्याच अंगावर बसाचं आहे काय?"

"गाडीनं नाई खाल्ला." त्याचा आवाज खाली आला. "त्यानं नुसता मागचा ब्रेक दाबला, मीरा. समोरचा धरलाच नाई. मी मागून पाह्यत होतो. त्याले कोणी शिकवलंच नोतं. मले बी नाई. आता रस्त्यानं चालतो त मागून ट्रकचा आवाज आला का मी नालीत उतरून उभा राह्यतो. पोरं हासतेत. असा किती दिवस राहू?"

भाकर करपली. ती तिने उतरवून बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

पुढच्या रविवारी सकाळी त्याने गोणपाट काढलं. टाकीवर धूळ बसली होती, सायलेन्सरला गंज धरला होता आणि सीटखाली उंदराने घर केलं होतं. सोमाजीने हँडल आधीच काढून नेऊन वर्कशॉपमधून सरळ करून आणलं होतं. त्याने पाने मांडले, गाडी स्टँडवर चढवली आणि एकेक भाग खोलायला लागला. मीराबाई दारात उभी राहून बघत होती.

तिने पाहिलं, नटावर पाना बसवताना त्याचा हात कापत होता. पाना दोनदा घसरला. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा त्याने तो जमिनीवर ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसला.

मीराबाईचा बाप चिमूरला सायकलीचं दुकान चालवायचा. लग्नाआधी ती तिथेच बसायची. पंक्चर काढणं, चाक सरळ करणं, स्पोक ताणणं, हे तिच्या हातात होतं. ती पायरी उतरून खाली आली, पदर खोचला आणि मागचं चाक फिरवून बघितलं. चाक डुलत होतं.

"स्पोक ढिले आहेत," ती म्हणाली. "सरका तिकडं."

त्या दिवसापासून गाडीचं काम दोघांनी मिळून केलं. इंजिनाचं तो बघायचा. प्लग साफ केला, कार्बोरेटर धुतला, क्लचची वायर बदलली. चाकं, चेन आणि ब्रेक तिच्याकडे आले. ब्रेकचे लायनर झिजून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते तिने नवीन बसवून घेतले. हात तेलात माखलेले असताना भीती जरा लांब राहायची. हात धुतले की परत यायची. स्वयंपाक करताना तिला मध्येच चाक जाम झाल्याचा आवाज ऐकू यायचा, जो तिने कधी ऐकलाच नव्हता. डोळ्यांसमोर मात्र गुलाब नसायचा, सोमाजी असायचा.

क्लबच्या माणसांनी काय काय करून यायचं ते सांगितलं होतं. आरसे काढायचे. दिव्याच्या काचेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे गाडी पडली तर काचा धावपट्टीवर सांडणार नाहीत. साइड स्टँड तारेने बांधून टाकायचा. इंजिन ऑइलचा बोल्ट निघू नये म्हणून त्यालाही तार ओवायची. पडण्याची एवढी तयारी बघून मीराबाईने तारेचे पीळ पुन्हा एकदा आवळले.

जाण्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "शेवटचा पाना मी फिरवीन. तुमचा हात कापते."

"फिरव," तो म्हणाला. "मी त्याच भरवशावर बसीन."

हे त्याने बोलायला नको होतं. रात्रभर ते वाक्य तिच्या छातीवर धोंड्यासारखं बसून राहिलं.

दुसऱ्या दिवशी वसाहतीतल्या एका टेम्पोवाल्याने गाडी आणि दोघांनाही चांद्यापलीकडच्या पट्टीवर नेऊन सोडलं. धुकं नुकतंच विरत होतं. पट्टीच्या डांबराला भेगा पडून त्यातून गवत उगवलं होतं. क्लबच्या लोकांनी चुन्याच्या रेघा मारून वळणं आखली होती आणि वळणांच्या बाहेरच्या बाजूला तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, भारे रचले होते. पलीकडे सागाचं रान होतं. दहा-बारा गाड्या, बहुतेक पोरं विशीतली, एकमेकांची टिंगल करत होती. सोमाजी त्यांच्यात काकासारखा दिसत होता. कोणाकडून तरी मागून आणलेलं हेल्मेट त्याच्या डोक्याला घट्ट होत होतं.

क्लबचे मुख्य वाकोडे सुभेदार म्हणून होते. फौजेत मोटारसायकलवरून डाक नेत असत, आता निवृत्त झाले होते. त्यांनी वाकून सोमाजीची गाडी तपासली. चेन हलवून पाहिली, चाकं हलवली, ब्रेक दाबून पाहिले.

"कोणी केली ही गाडी?"

"आमी दोघांनी," सोमाजी म्हणाला.

"बरी केली. पहिले फेरे हळू मारा. कोणाच्या मागं लागू नका. लाल झेंडा दिसला तर हात वर करून थांबायचं."

सोमाजीने मीराबाईकडे पाहिलं. काहीतरी बोलायचं होतं, पण हेल्मेटमधून बोलता येईना. त्याने किक मारली आणि निळ्या धुरात तो रेघेच्या आत गेला.

पहिले दोन फेरे तो अगदी हळू होता. पोरं त्याला दोन्ही बाजूंनी ओलांडून जात होती. मीराबाईने हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली आणि तणसाच्या भाऱ्यावर बसली. बघवत नव्हतं म्हणून ती पिशवीतले पाने आवरायला लागली. पाने, पक्कड, तारेचं वेटोळं. तळाशी बोटाला काहीतरी टोचलं.

नवी कॉटर पिन. वाकवलेली नाही, सरळ.

मागच्या ब्रेकचा दांडा पायाच्या पेडलला एका खिळ्याने जोडलेला असतो, आणि तो खिळा निसटू नये म्हणून त्याच्या टोकाला ही बारीक पिन असते. तिने काल जुनी पिन काढून टाकली होती. नवी घातली होती की नाही? ती आठवू लागली. खिळा बसवल्याचं आठवत होतं. ग्रीस लावल्याचं आठवत होतं. मग शेजारची धुरपता दूध मागायला आली होती. त्यानंतर? पक्कडीने पिनीची टोकं वाकवल्याचं आठवत होतं, पण ते कालचं होतं की चिमूरच्या दुकानातलं, हे तिला ठरवता येईना. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने एक पिन दिली होती की दोन?

समोर सोमाजीचा वेग वाढला होता. आता तो पोरांच्या बरोबरीने सरळ पट्टीवरून येत होता, आणि वळणाच्या आधी त्याला ब्रेक दाबायचा होता.

ती उठून धावली. पिशवी खाली पडून पाने डांबरावर विखुरले. झेंड्याजवळ सुभेदार उभे होते.

"थांबवा त्याहिले," ती म्हणाली. "मागच्या ब्रेकची पिन राह्यली."

"पक्कं राहिली?"

"मालूम नाई. खात्री असती त धावत आली नसती. मले आठवतच नाई."

सुभेदारांनी झेंड्याला हात घातला आणि त्याच क्षणी मीराबाईच्या ध्यानात आलं, झेंडा पाहून तो काय करणार? ब्रेकच दाबणार. तिने नको म्हणायला तोंड उघडलं, पण लाल फडकं वर गेलं होतं. तिने डोळे मिटले. गुलाबच्या वेळी ती तिथे नव्हती. आता होती, आणि बघू शकत नव्हती.

गाड्यांचे आवाज एकेक करून खाली येत गेले. घासल्याचा, आपटल्याचा आवाज आला नाही. तिने डोळे उघडले. सोमाजी त्यांच्यापासून थोड्या अंतरावर थांबला होता. दोन्ही पाय जमिनीवर होते आणि इंजिन चालूच होतं.

सुभेदार गुडघ्यावर बसून गाडीखाली बघत होते. मीराबाईही वाकली. पिन जागेवर होती. तिची दोन्ही टोकं नीट वाकवलेली होती, बाप वाकवायचा तशी, एक पुढे आणि एक मागे. पिशवीतली पिन दुसरी होती.

पोरं जवळ आली होती. कोणीतरी हसलं. "बाईनं सगळ्यांचा फेरा खराब केला," असं एक जण म्हणाला. मीराबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"माफ करा," ती सोमाजीला म्हणाली. "पिन होती. मीच भेली."

सोमाजीने गाडी बंद केली नाही. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मुठी हँडलवर अशा आवळल्या होत्या की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि एकेक बोट धरून सोडवलं. हेल्मेटचा पट्टा काढला. आत त्याचा चेहरा घामाने भिजलेला होता, त्या थंडीत.

"तू थांबवलं नसतं त मी थांबलो नसतो," तो हळूच म्हणाला, पोरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात. "मले समोर रस्ता दिसतच नोता. गुलाबची पाठ दिसून राह्यली होती. त्याचा निळा शर्ट. थांबाची लाज वाटे, आन् हात गाडी पळवतच राह्यला."

"मंग आता थांबलात कसे?"

"झेंडा पाह्यला. समोरचा धरला, मागचा जरासाच दाबला. कसा दाबला ते मले बी मालूम नाई."

सुभेदारांनी पोरांना पिटाळलं आणि पाण्याची बाटली आणून दिली. सोमाजी तणसावर बसला. अर्धी बाटली त्याने एका दमात संपवली. मीराबाई त्याच्या शेजारी बसली. घरी चला, असं तिला म्हणायचं होतं. टेम्पोवाला तिथेच होता, गाडी पुन्हा चढवायला वेळ लागला नसता.

सुभेदार म्हणाले, "आणखी फेरे मारायचे असतील तर माझ्या मागून या. मी पुढं चालतो, सायकलीच्या वेगानं. माझी पाठ बघा. जबरदस्ती नाही."

सोमाजीने बायकोकडे पाहिलं. तो तिला विचारत होता, आणि ती नको म्हणाली असती तर तो खरंच उठला नसता, हे तिला समजलं.

"तुमाले जावंसं वाटते काय?" तिने विचारलं.

"नाई," तो म्हणाला. "पण जातो."

तिने हेल्मेटचा पट्टा बांधून दिला. बक्कल दोनदा निसटली, मग लागली. सुभेदारांची गाडी पुढे निघाली, सोमाजी मागे. चुन्याच्या रेघेशी सुभेदार हात वर करत, तिथे दोघेही ब्रेक लावून थांबत, पुन्हा निघत. हळूहळू वेग थोडा वाढला. एका थांब्याला सोमाजीचं मागचं चाक किंचित सरकलं. त्याने पायाचा दाब सोडला, चाक सरळ झालं आणि गाडी रेघेच्या अलीकडे उभी राहिली. सुभेदारांनी मागे वळून अंगठा दाखवला.

दुपारी टेम्पोत बसून परत येताना सोमाजीला झोप लागली. मान तिच्या खांद्यावर पडली होती. बल्लारशाच्या पुढे एक ट्रक मोठा हॉर्न वाजवत बाजूने गेला, तसा तो दचकून उठला आणि टेम्पोची कड धरून बसला. तिनेही त्याचं मनगट घट्ट धरलं. ट्रक लांब गेला तरी दोघांनी हात काढले नाहीत.

सोमवारी सकाळी सोमाजी फटफटीवरून कामाला गेला. मीराबाई दारात उभी राहून आवाज ऐकत होती. गाडी वसाहतीच्या फाटकापाशी हळू झाली, थांबली, मग पुन्हा निघाली. आवाज संपेपर्यंत तिने चौकट सोडली नाही. मग आत गेली आणि चूल पेटवली. संध्याकाळी तो परत येईपर्यंत तिने काहीच खाल्लं नाही.