साठ पावलांवरची फळी

मार्चमध्ये माझ्या नवऱ्याचं, वेल्टनचं, तोंड भाजलं. बंदूक त्याच्या बापाने लँकेस्टरहून आणलेली, ठासणीची. ठिणगी जिथे पडते त्या वाटीतून नळीत जाणारं भोक झिजून मोठं झालं होतं. हरणावर बार टाकताना जाळाचा लोळ उलटा त्याच्या डोळ्याखाली आला. आठ दिवस मी त्याला लोण्याच्या पट्ट्या बांधल्या. डोळा वाचला आणि आम्ही तो विषय मिटवून टाकला.

पण जूनपासून त्याचा नेम चुकायला लागला. ज्या माणसाने पन्नास पावलांवर बुंध्यावरची कोळशाची खूण कधी सोडली नाही, त्याच्या गोळ्या कधी वीतभर वर, कधी दोन विती. तो बंदुकीच्या दारूला शिव्या द्यायचा, मग गोळीला, मग मला. आमच्या घरी बार भरायचं काम माझं. मी दारू कमी केली, वाढवली. गोळीभोवतीची चिंधी जाड घेतली, चरबी बदलली, दर बारानंतर नळी पुसली. काही उपयोग झाला नाही.

एका दमट सकाळी खरं काय ते कळलं. चाप ओढला, वाटीतली रंजक, म्हणजे बार पेटवायची चिमूटभर दारू, फुस्सकन पेटली, पण नळीतला बार पेटलाच नाही. गोळी सुटली नाही, धक्का बसला नाही, तरी नळी हातभर वर उडाली. वेल्टनने डोळे गच्च मिटून तोंड मागे खेचलं होतं.

"तू भितोस," मी म्हटलं.

"अपोलोनिया, हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

मी सांगितलं नाही. ती माझी चूक.

ऑक्टोबरमध्ये लोहार क्रुमच्या अंगणात नेमबाजीची स्पर्धा भरली. सफरचंदाची दारू वाटली जात होती. क्रुमला तोंड आवरत नाही. वेल्टन नुसता उभा आहे हे पाहून तो ओरडला, "काय रे, म्हातारा झालास की काय? नदीपलीकडे एकाने आपल्या भावाच्या गुडघ्यांत फळी देऊन तिच्यावर गोळी मारली म्हणे. आमच्या खोऱ्यात आहे कुणी तसा?"

माझा दीर योस्ट चोवीस वर्षांचा, भावावर जीव टाकणारा. तो उठलाच. "माझा दादा आहे! आण फळी. मी धरतो."

सगळे टाळ्या पिटायला लागले. मी वेल्टनकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते, पण मान हलली. हो म्हणून.

मी योस्टला कोठाराच्या मागे ओढलं. "भावजी, नको. त्याचा नेम गेलाय. जाळाला घाबरून तो डोळे मिटतो."

योस्ट हसला. "वहिनी, दादा घाबरतो? घाबरलीयस तू. जा, बार नीट भर म्हणजे झालं."

मग मी वेल्टनला गाठलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता मागे फिरलो तर या खोऱ्यात तोंड कुठे दाखवू? एक बार आहे. एकच. एवढा मारीन मी."

साठ पावलं मोजली गेली. योस्टने टीचभर रुंदीची फळी गुडघ्यांत धरली, हात कमरेवर ठेवले आणि आम्हाला डोळा मारला. फळीच्या वर वीतभरावर त्याचं पोट होतं. मला पोटच दिसत होतं, शर्टाची गुंडीसुद्धा.

नळीत दारू घालायचीच नाही, असं मी ठरवलं होतं. पण क्रुम शेजारी येऊन उभा राहिला. "मापभर घाल हो, वहिनी. काटकसर नको!" त्याच्या डोळ्यांदेखत मला माप भरून नळीत ओतावं लागलं. गोळी गजाने ठासली. शिवणाच्या दोऱ्याला लावायचं मेण माझ्या खिशात होतं. झग्याला बोटं पुसल्यासारखं करून मी त्याचा बारीक गोळा केला आणि रंजक घालायच्या आधी अंगठ्याने वाटीतल्या त्या भोकात दाबला. वर रंजक घातली. क्रुम तेव्हा योस्टला काहीतरी ओरडून सांगत होता.

बंदूक वेल्टनच्या हातात दिली आणि मगच मनात आलं, मेण वितळलं तर? रंजकीचा जाळ आत शिरला तर? मी एक पाऊल पुढे टाकलं. घोडा मागे गेल्याचा खटका ऐकू आला. कुणीतरी खोकलं. योस्ट अजून हसत होता.

फुस्स.

वाटीतून पांढरा धूर उठला. बार झाला नाही. आणि वेल्टनचं डोकं मागे, डोळे मिटलेले, नळी वर. ती सरळ योस्टच्या छातीच्या रेषेत थांबली होती. तिथल्या तीस माणसांनी ते पाहिलं.

"आकाशाकडे कर!" मी किंचाळले. "नळी आकाशाकडे कर! बार उशिरा उडेल!"

वेल्टनने नळी वर केली आणि तशीच धरून ठेवली. किती वेळ, मला माहीत नाही. आत काही पेटलं नाही. योस्टच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्याने फळी खाली ठेवली, कुंपणापाशी गेला आणि पोटातलं सगळं ओकला.

क्रुम पुढे आला. बंदूक घेऊन सुईने भोक उकरलं. सुईच्या टोकाला मेण आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मेण पायाखाली चिरडलं आणि मोठ्याने म्हणाला, "दारू ओली होती."

वेल्टन घरी तीन दिवस बोलला नाही. मला वाटलं, मेणाचं याला कळलंय, हा मला कधीच माफ करणार नाही. या खोऱ्यात नवऱ्याची लाज काढणाऱ्या बाईचं काय होतं, ते मी पाहिलेलं होतं. चौथ्या दिवशी त्याने चकमकीचा दगड काढून घोड्यात लाकडाचा तुकडा बसवला, नळीवर एक गोल, टणक हेझेलनट ठेवला आणि म्हणाला, "इथे बस. हा पडला की सांग."

पहिल्या दिवशी तो चाळीसदा पडला. ख्रिसमसपर्यंत पडायचा थांबला. मग नुसती रंजक पेटवायची, मग अर्धा बार. क्रुमने ते भोक बुजवून नवीन, बारीक पाडून दिलं. फेब्रुवारीत पाच गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील अशा बसल्या.

योस्टने त्या गोळ्यांच्या भोकांवर बोट फिरवलं. "आता धरू का फळी, दादा?" तो म्हणाला. थट्टाच होती ती.

वेल्टनने बंदूक झाडाला टेकवली आणि तो तिथून निघून गेला. मी त्याच्या मागे गेले. तो लाकडाच्या ढिगापाशी उभा होता. "त्या दिवशी बार उडाला असता तर," तो म्हणाला. मी त्याचा हात धरला.