मैमूनच्या मापाची केबाया

मित्रांनो, मी एक जुनी केबाया आहे, मलय बायका घालतात तो पुढून उघडा, लांब अंगरखा. या घरात माझा मान मोठा. कुणी पाहुणी आली की मला कपाटातून बाहेर काढतात, पलंगावर पसरतात. पाहुणी माझ्या काठावरून बोट फिरवते आणि म्हणते, "काय नाजूक काम आहे हो! आणि अगदी मैमूनच समोर उभी राहिल्यासारखी वाटते." अशा वेळी मला घडीच्या आत घडी घालून दिसेनासं व्हावंसं वाटतं. कौतुक ऐकून कुणाला लाज वाटते का? मला वाटते.

माझा जन्म मलेशियातल्या मुआर गावात, रुगाया शिंपिणीच्या नदीकाठच्या दुकानात झाला. कापड फिकट अंजिरी वायल, इतकं झिरझिरीत की आत अस्तर घालावंच लागे. रुगाया तेव्हा तरुण होती. तिने मला गुडघ्यापर्यंत लांब बेतलं. मग लाकडी कड्यात ताणून, पायाच्या मशीनवर सुईखाली कापडच डावीउजवीकडे फिरवत, माझ्या पुढच्या दोन्ही काठांवर चाफ्याच्या डहाळ्या भरल्या. आम्हाला गुंड्या नसतात. दोन्ही काठ एकमेकांना नुसते टेकवायचे आणि साखळीत ओवलेले तीन ब्रोच टोचायचे. मग डावीकडचा चाफा उजवीकडच्या चाफ्याशेजारी येतो. एक काठ दुसऱ्यावर चढला तर एका बाजूची सगळी फुलं झाकली जातात. अशी केबाया घालून बाई बाहेर पडली की गावातल्या बायका तिला गबाळी म्हणतात.

मला शिवायला टाकलं ते मैमूनने. ती शाळेच्या उपाहारगृहात केळ्याची भजी तळायची आणि रुगायाची लहानपणापासूनची मैत्रीण होती.

"सैल ठेव गं जरा," ती माप देताना म्हणाली. "लग्नाला घालणार आहे. पोटभर जेवायचंय मला."

"जेव की. शिवणीत माया ठेवलीय भरपूर. तू फुगत जा, मी उसवत जाते."

तसंच झालं. थोरली लेक हसलिना झाली, माझी कड उसवली. पाठोपाठ दोन मुलगे झाले, पुन्हा उसवली. शेवटी माझ्यातली माया संपली आणि नशिबाने मैमूनही फुगायची थांबली. तेव्हापासून मी तिच्या अंगाला अशी बसले की रुगायाने तिच्यापुरती टेप बाजूलाच ठेवली. दर ईदला घरातली सगळी माणसं एकाच रंगाचे कपडे घालत. रंग हसलिना ठरवी. कापड आलं की मैमून मला पिशवीत घालून दुकानात नेई, रुगाया मला फळीवर पसरून माझ्याभोवती खडू फिरवी आणि दोघी चहा पीत बसत. माझ्यावरून किती केबाया बेतल्या गेल्या! मला त्याचा अभिमान होता, तो लपवत नाही.

मग ते वर्ष आलं.

पुतणीच्या लग्नात मैमूनने मला घातलं आणि मी तिच्या खांद्यावरून घसरले. तिने आरशात पाहिलं. इकडेतिकडे पाहिलं. मग माझा उजवा काठ डाव्यावर चढवला, ओढून घट्ट ब्रोच टोचले आणि वरून ओढणी घेतली. माझी डावीकडची सगळी फुलं आत गेली. लग्नात ती जेवलीही नाही. घरात सर्वांत आधी कळलं ते मला, मित्रांनो.

डॉक्टरांनी पोटात गाठ सांगितली. लगेच दाखल व्हा म्हणाले. घरी आल्यावर मैमून नवऱ्याला म्हणाली, "ईद होऊ दे. दोन वर्षांनी सगळी पोरं एकत्र येतायत."

"हसलिनाला तरी सांगू या."

"तिला सांगितलं की संपलं. मग ईदचं जेवण इस्पितळात."

तो भला माणूस. तिचा शब्द मोडणं त्याला कधी जमलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही.

रमजान लागायच्या जरा आधी, शिंपिणी नवं काम घेणं बंद करण्याआधी, हसलिना क्वालालंपूरहून कापड घेऊन आली. या वेळी रंग आकाशी होता. मैमून घरातल्या ढगळ झग्यात वावरत होती. हसलिनाने तिच्या हाताचं चुंबन घेतलं, कापड दाखवलं, मधेच आलेले दोन फोन घेतले. मैमूनने मला तिच्या हातात दिलं. "मला कशाला नेतेस? ही ने."

दुकानात रुगायाने पिशवीत डोकावून पाहिलं. "आणि बाई कुठंय?"

"घरी. ही दिलीय."

"चहा सोडला की काय तिने? बरी आहे ना?"

"बरीच आहे. स्वयंपाकघरात धांदल चाललीय. मावशी, तुम्हाला तर तिचं माप झोपेतही येईल."

"माप येतं गं. पण बाई बघितलेली बरी. घेऊन ये जा, पटकन होईल."

"दुपारी परत निघायचंय मला. या हिच्यावरूनच घ्या ना."

रुगायाने मला फळीवर पसरलं. आम्हाला तोंड नसतं, हे खरं. पण त्या दुपारी माझे खांदे, माझी छाती, माझी कंबर मोठमोठ्याने बोलत होती, आणि जे बोलत होती ते खोटं होतं. खडूची रेघ माझ्या कडेकडेने फिरली. त्या रेघेच्या आत जी बाई बसली असती ती आता जगात कुठेच नव्हती. रुगायाने माझ्यावर हात फिरवून म्हटलं, "हिच्यावर माझा डोळे मिटून विश्वास." मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, फाटावं.

ईदच्या सकाळी मी मैमूनच्या खोलीत खुंटीवर होते. दार उघडं होतं आणि बाहेरचा दिवाणखाना मला सगळा दिसत होता. घर आकाशी रंगाने भरलं होतं. मांसाच्या रश्श्याचा आणि नारळाच्या पात्यांत शिजवलेल्या भाताचा वास सुटला होता. मैमून नवी केबाया घालून बसली होती, माझ्या मापाची, काठांवर तसाच चाफा भरलेली, आणि तिचाही एक काठ दुसऱ्यावर चढवलेला होता.

तिची नणंद रफेआ हातात बशी घेऊन आली आणि थबकली. "अगं बाई! वहिनी, एका बाजूची फुलं कुठे गेली? उपास सोडताना खाल्लीस की काय?"

सगळे खोखो हसले. मैमूनही हसली. "महिनाभर रोजे केलेत, बाई. अंग उतरणारच की."

"माझं नाही उतरलं ते! मी उपास करते आणि फुगते."

पुन्हा हशा. तेवढ्यात मुलं आईवडिलांची माफी मागायला पुढे झाली, दर ईदला मागतात तशी. थोरली म्हणून आधी हसलिना. ती आईसमोर चटईवर गुडघ्यांवर बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळ त्यांवर टेकवलं. "आई, वर्षभरात चुकलं असेल ते माफ कर."

तिने मान वर केली तेव्हा तिचे डोळे बरोबर त्या काठासमोर आले. उभ्या माणसाला जे नुसतं गबाळेपण दिसतं, ते गुडघ्यांवर बसलेल्या लेकीला वेगळं दिसलं. तिने बोट घालून वरचा काठ जरासा उचलला. आत सबंध डहाळी होती. डहाळीच्या आतही कापड होतं, पंजाभर रुंद. आई कुठेच लागत नव्हती.

"सोड," मैमून पुटपुटली. "माणसं आहेत."

आजारी माणसाला कसली लाज, असं तुम्ही म्हणाल. मलाही ते नीटसं कळलेलं नाही. पण मैमूनचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. तिने ओढणी पुढे ओढली. हसलिनाचा चेहरा तर मला पाहवेना.

"आई, कधीपासून?"

"आधी जेवून घे."

हसलिनाने वडिलांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. रफेआने बशी हळूच खाली ठेवली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैमूनला इस्पितळात नेलं. तिथे हसलिनाने विचारलं, रमजानच्या आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते उत्तर या घरात अजून राहतं. पुढची ईद मैमूनने पाहिली नाही.

दफनानंतर रुगाया आली. ती दाराशीच घुटमळत म्हणाली, "मीच यायला हवं होतं गं इकडे. चार पावलांवर तर घर."

"तुम्ही म्हणाला होतात, घेऊन ये," हसलिना म्हणाली. जाताना रुगायाने मला हात लावला नाही.

यंदा हसलिना रमजानच्या आधीच सुट्टी काढून आली. बाबांनी आपला जुना सदरा आणून तिच्यापुढे धरला. "हा ने. मी काय आता वाढतोय?"

"उठा, बाबा. चला माझ्याबरोबर."

"अगं, ऊन किती आहे!"

"उठा म्हणते ना. हात वर करा आधी."

तिने दोन्ही हातांनी त्यांना कवेत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. म्हातारा कुरकुरत होता, "माप घेतेस की जीव घेतेस?" पण हात त्याने खाली घेतले नाहीत. मग दोघं छत्री घेऊन दुकानाकडे निघाली.

मित्रांनो, आम्हा जुन्या कपड्यांना जपा. अधूनमधून सावलीत वारा द्या, घडी मोडून पुन्हा घाला. पण आपल्या माणसाचं माप आम्हाला विचारू नका. तो माणूस घरात आहे तोवर त्यालाच उठवा, उजेडात उभं करा, हात लावून पाहा. आम्हाला फक्त तो कसा होता तेवढंच ठाऊक असतं.