पहिला पेढा

गळ्यातला हार काढून अंबादासने सायकलच्या दांडीला अडकवला, पेढ्यांचा पुडा पिशवीत टाकला आणि तो रांझीहून कांचघरच्या रस्त्याला लागला. आठ वर्षांनी खटला जिंकला होता. सोमवारी कारखान्यात पुन्हा रुजू व्हायचं होतं. सकाळी लोकांनी खांद्यावर घेतलं, तेव्हाही तो उसनं हसू आणून बसला होता. आनंद कुठे वाटेतच अडकला होता कोण जाणे.

"पहिला पेढा गुणवंत भाऊजींना," निघताना बायकोने, शकूने, बजावलं होतं.

तिला कोर्टातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्याच बाळंतपणाच्या दिवशी अंबादासने गुणवंतला विनवलं होतं, माझाही बिल्ला लाव. फाटकावरच्या फळीला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला टांगला की हजेरी लागायची, आणि अडीनडीला दोस्त एकमेकांचे बिल्ले टांगायचेच. त्या दिवशी नेमकी तपासणी झाली. दोघांचीही नोकरी गेली. गुणवंत खटल्याच्या भानगडीत पडलाच नाही. अंबादास लढला, आणि वकिलाने पढवलेलं वाक्य कोर्टात बोलून मोकळा झाला: माझा बिल्ला लावायला मी कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तो कांचघर टाळून लांबच्या रस्त्याने जायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं त्याला.

गुणवंत कांचघरच्या आपल्या पंक्चरच्या दुकानात ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत बसला होता. त्याने ओले हात पँटला पुसले आणि पेढा तोंडात टाकला.

"जीत गया ना? अच्छा झालं. पोरगी कितवीत आहे आता?"

"तिसरीत." अंबादास पाण्याच्या घमेल्याकडे बघत राहिला. मग एकदाचं बोलला, "गुणवंत, मी कोर्टात खोटं बोललो. सारं तुझ्यावर ढकललं."

"मालूम आहे. वकिलाला ते मीच सुचवलं होतं. दोघं बाहेर राहून काय करणार होतो? एक तरी फाटकाच्या आत जाऊ दे म्हटलं."

रस्त्यावरून रांझीची बस गेली. अंबादासने विचारलं,

"मग आठ वर्षं सांगितलं काहून नाही?"

गुणवंतने ट्यूब फडक्याने कोरडी केली.

"तू येशील तेव्हा सांगीन, म्हटलं. वाट पाहून राहिलो होतो तुझी."