काढलेलं अर्थिंग

हॅलोकाकांना खरं नाव होतं, पण ते दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. सगळं आयुष्य माइकसमोर "हॅलो, हॅलो, चेक" करण्यात गेलेलं, त्यामुळे लोकांनी नाव पाडलं ते पाडलंच. माणूस तसा घट्ट काळजाचा. ऐनवेळी तुटणाऱ्या वायरी, अंगावर येणारी गर्दी, पुढच्या रांगेतून "आवाज येत नाही होऽ" म्हणून कोकलणारे महाभाग, यातल्या कशालाच त्यांनी कधी भीक घातली नव्हती. पण त्या दिवशी सकाळपासून ते धास्तावले होते, कारण संध्याकाळी त्यांची बायको गाणार होती.

तशी ती जन्मभर गातच आलेली. ती पुढे स्टेजवर आणि हे मागे मिक्सरवर, असाच दोघांचा संसार झाला. पण मध्यंतरी काकूंच्या गळ्यातली गाठ काढली आणि आवाज गेला. आधी नुसती कुजबुज, मग बोलणं, मग स्वयंपाकघरात कुणी नाही बघून एखादी ओळ, असा तो हळूहळू परतला खरा, पण बारीक होऊन, दबकत दबकत. हा कार्यक्रम घेतानाही तिने दहा वेळा हो-नाही केलं. सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवून म्हणाली, "अहो, एक सांगून ठेवते. आज सगळ्यांसमोर माझा आवाज गेला ना, तर पुन्हा स्टेजवर चढ म्हणून मला सांगायचं नाही. परत तेवढं सोसायची ताकद नाही माझ्यात."

"काही जात नाही आवाज. मी आहे ना मागे."

"तुम्ही आहात हो. तुमची ती सवत धड राहू दे म्हणजे झालं."

सवत म्हणजे इकोचं मशीन. मिक्सरखाली रॅकमध्ये स्क्रूने बसवलेला एक चपटा लोखंडी डबा. गाणाऱ्याच्या आवाजाला घुमारा द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण काकूंचा आवाज त्यातून गेला की भरून यायचा, बारीक झालेला गळा झाकून जायचा. काका त्या डब्याला रोज फडक्याने पुसत, प्रवासात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसत. "मला कधी घेतलंत का असं मांडीवर?" असं काकू चारचौघांत विचारायच्या आणि काकांचे कान लाल व्हायचे.

नेमका त्याच आठवड्यात डब्याने "घूंऽऽ" असा सूर धरला. रिपेअरवाल्याने उघडून बघितलं आणि चक्क हात जोडले. "काका, याचं वय झालंय. नवीन बसवा. तोवर माझ्याकडचं न्या, देतो मी."

काका भडकले. "या मशीनला तिचा गळा पाठ आहे. तुझं ते नवीन काय पाठ करणार, डोंबल?"

झालं! डबा काखेत मारून घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर त्याचं पोट फाडून बसले. एक कंडेन्सर फुगला होता, तो बदलला. झाकण लावायला गेले तर ते नीट बसेना. आतली वायर कुठेतरी आड येत असणार, हे कुणालाही कळलं असतं. काकांनाही कळलंच असणार, पण घाई होती. त्यांनी झाकणावर गुडघा ठेवला, दाबलं आणि स्क्रू आवळले.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हॉलवर सगळं मांडलं, बटण दाबलं. घूंऽऽ.

आता काय करावं? काकूंचा आवाज आधीच एवढासा, त्याच्यामागे ही माशी गुणगुणत राहिली तर ती पहिल्याच ओळीला कच खाणार. मग काकांनी ती गोष्ट केली, जी या धंद्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेली असते आणि कुणीही कबूल करत नाही. ज्या एका बोर्डावर मिक्सर आणि सगळा रॅक चालत होता, त्याच्या प्लगमधली अर्थिंगची तार त्यांनी काढून टाकली. मशीनमध्ये कुठे वीज फुटली तर ती जमिनीत नेऊन सोडायची, फ्यूज उडवायचा आणि माणूस वाचवायचा, हे त्या तारेचं काम. पण कधीकधी घूं करणारा आवाजही तिच्याच वाटेने येतो. तार सुटली आणि हॉल चिडीचूप झाला. काकांनी माइक हातात घेऊन हॅलो-हॅलो केलं. पायात जाड रबरी बूट होते, काही लागलं नाही. आवाज असा स्वच्छ, की काकूसुद्धा हसल्या.

संध्याकाळी हॉल भरला. स्टेजच्या पायऱ्यांजवळ स्टीलचा कठडा होता, थेट भिंतीत बसवलेला, म्हणजे जमिनीशी जोडलेलाच. आजारपणापासून काकूंचे पाय थरथरत, म्हणून त्या कठड्याशेजारीच उभ्या राहिल्या. सँडलचा पट्टा चावत होता, तर त्याही काढून बाजूला सारल्या. डावा हात कठड्यावर. उजव्या हाताने स्टँडवरचा माइक धरायचा तो मात्र पहिला शब्द उच्चारतानाच, ही त्यांची जुनी सवय. कीबोर्डवाल्याने सुरुवातीचे सूर छेडले. तो स्वतःचा स्पीकर घेऊन आला होता, त्याची वायरही वेगळ्या बोर्डावर होती, त्यामुळे तो स्टेजवर मजेत दणाणत होता.

हॉलच्या मागच्या टोकाला काकांनी इकोचं बटण फिरवायला हात घातला. दुसरा हात शेजारच्या लोखंडी खांबाला टेकला होता. मनगटापासून कोपरापर्यंत सर्रकन मुंग्या गेल्या. त्यांना वाटलं, भास झाला. पुन्हा बोट लावलं, तर हात असा झिडकारला गेला की खुर्ची मागे पडली.

काकांना एकदम आठवलं. झाकण! गुडघ्याखाली दाबलेलं झाकण, आणि त्याखाली चेमटलेली वायर. दुपारपासून तापून तिचं कवच आता फाटलं होतं. वीज डब्यात फुटली होती. डब्यातून मिक्सरमध्ये, मिक्सरमधून माइकच्या वायरीत, वायरीतून माइकच्या जाळीवर. आणि जमिनीत नेणारी तार त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती.

तिकडे सूर संपत आले होते. काकूंनी श्वास घेतला. उजवा हात उचलला.

"धरू नकोस! अगं, धरू नकोस!" काका जिवाच्या आकांताने ओरडले. त्यांच्या पुढ्यातल्या दोन रांगांनी "शूऽऽ" केलं.

क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांचे पाय जागीच राहिले. वीज तोडली तर तिचा आवाज जाणार, सगळ्यांसमोर, नेमका पहिल्या शब्दाला. ती पुन्हा कधी उभी राहणार नाही. आणि नाही तोडली तर? पुढचा विचार त्यांच्याने करवेना. ते टेबलाखाली घुसले, बोर्डाची वायर दोन्ही हातांनी धरली आणि सगळं अंग मागे टाकून हिसडली. प्लग निघाला. रॅकवरचे दिवे विझले.

काका उठून बघतात तो काकूंचा उजवा हात माइकजवळ नव्हताच. दोन्ही हात गळ्यावर होते. तोंड उघडं होतं. कीबोर्ड वाजत होता, तबला वाजत होता, सगळं जग जागच्या जागी होतं, फक्त तिचा आवाज नव्हता. त्या दणदणाटात स्वतःलाच तो ऐकू येईना, तिला वाटलं, गेला. डोळे विस्फारले होते. गाठ निघाल्यावर शुद्धीत येऊन तिने पहिल्यांदा हाक मारायला बघितलं होतं, तेव्हाही ती अशीच दिसली होती.

ते लोकांच्या पायांवर पाय देत धावले, धापा टाकत स्टेजवर चढले. "गळा नाही, अगं, गळा नाही गेला! मी बंद केलं! मी!"

तिला ते कळायला वेळ लागला. मग फाटक्या आवाजात म्हणाली, "का?"

काकांनी सगळं सांगितलं. अर्थिंग, झाकण, गुडघा. लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

"म्हणजे मी माइक धरला असता तर?"

काका माइकची वायर गुंडाळायला लागले.

"अहो, बोला ना."

"चिकटली असतीस."

काकूंनी मघाशी कठड्यावर असलेला आपला डावा हात बघितला. रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला गायचंय," एवढंच म्हणाल्या.

काकांनी डबा रॅकमधून उपटून बाजूला टाकला, अर्थिंगची तार परत बसवली, माइकला टेस्टर लावून बघितला. दिवा लागला नाही. दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. मग माइक तिच्यासमोर आणून उभा केला. "हं. आता काही भीती नाही."

काकूंनी हात पुढे केला नाही. "आधी तुम्ही धरा."

"अगं, तपासलंय मी."

"दुपारीही तपासलंच होतंत. बूट काढा."

भरल्या हॉलसमोर काकांनी बूट काढले, मोजे काढले. थंडगार फरशी तळव्यांना लागली. एक हात कठड्यावर ठेवला. माइकमध्ये काही नाही हे त्यांना माहीत होतं, अगदी पक्कं माहीत होतं, तरी दुसरा हात पुढे जाईना. इतकी वर्षं तोच माइक ते तिच्या हातात देत आले होते आणि तिने एकदाही बघून घेतला नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि मूठ आवळली. काही झालं नाही.

"अजून थोडा वेळ," काकू म्हणाल्या.

ते तसेच उभे राहिले. कुणी हसलंही नाही. शेवटी ती म्हणाली, "जा आता मागे."

काकू गायल्या. घुमाऱ्याशिवाय, बारीक, कोरड्या, पण आवाज फुटला नाही आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पहिल्या गाण्याला टाळ्या पडल्या, दुसऱ्याला लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. काकांना त्यातलं काहीच नीट ऐकू आलं नाही. ते मिक्सरमागे अनवाणी उभे राहून तिच्या हातांकडे बघत होते. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत माइकला बोटसुद्धा लावलं नाही.