माझ्या खणावरची गुलाबी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे, पण माझ्यात आजवर एकदाही आइस्क्रीम ठेवलेलं नाही. मी राहतो मुलांच्या दवाखान्यात. माझ्या पोटात फक्त लसी असतात आणि माझा ताप दिवसातून दोनदा मोजतात. इतके लाड असूनही एका गोष्टीनं माझं डोकं पार चक्रावलं आहे.

फार पूर्वी नर्सताईंनी माझ्या मधल्या खणावर एक गुलाबी पट्टी चिकटवली: 'मुलींसाठी'. त्या खणात एचपीव्ही नावाच्या विषाणूवरची लस होती, कॅन्सरपासून वाचवणारी. बाटल्यांची अदलाबदल होऊ नये, एवढाच ताईंचा हेतू. पण बाटल्यांवर तसं काहीच लिहिलेलं नव्हतं! मला ठाऊक आहे, मी रोज वाचतो. तरी त्या खणातून मुलासाठी म्हणून बाटली कधी निघालीच नाही.

मग एक दिवस बारा वर्षांची जुळी भावंडं आली. बहिणीला सुई टोचली तेव्हा भाऊ शेजारी बसून दात काढत होता. ती भडकली.

"याला का नाही?"

बाबा हसले. अगं, ती मुलींची लस असते, म्हणाले. आई मात्र पुढे सरकली. तिच्या भावाला, म्हणजे मुलांच्या मामाला, घशाचा कॅन्सर झाला होता. या विषाणूचा त्याच्याशी काही संबंध आहे का, असं तिनं डॉक्टरकाकांना हळूच विचारलं.

"त्यांना यानंच झाला असं नाही सांगता येणार," काका चष्मा पुसत म्हणाले. "पण या विषाणूनं पुरुषांनाही कॅन्सर होतो, घशाचासुद्धा. मुलांनाही देता येते ही लस."

"मग कधी बोलला का नाहीत?" आईनं विचारलं.

"कुणी विचारत नाही हो."

"कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही विचारत नाही," बाबा म्हणाले आणि स्वतःच गोंधळले. मीही गोंधळलो, माझी मोटर घरघरायला लागली. विचार करून सांगतो म्हणत बाबा सगळ्यांना घेऊन निघून गेले.

त्या संध्याकाळी ताईंनी पट्टी नखानं खरवडून काढली. डिंक राहिलाच.

सहा महिन्यांनी बहिणीचा दुसरा डोस होता. माझा जीव टांगणीला: एक बाटली निघणार की दोन? दोन निघाल्या. भाऊ डोळे घट्ट मिटून बसला आणि दात काढायची पाळी आता बहिणीची होती.

इतकी वर्षं चुकलं कोण, ते मला अजून उमगलेलं नाही. ताई, डॉक्टरकाका, आईबाबा, की सगळं वाचूनही गप्प राहिलेला मी? तेव्हा मित्रांनो, माझं दार उघडलंत तर नीट लावा, गारवा जातो. आणि माझ्यावर काही चिकटवायचं असेल, तर आधी आत डोकावून बाटली वाचा.