जुन्या तोंडाची जीप

"अरे, म्हशीले एवढं घासलं असतं त दोन शेर दूध जास्ती देल्लं असतं तिनं!"

वच्छलाबाईनं हातातलं सूप ओट्यावर आपटलं. अंगणात तिचा नातू धम्मरत्न सकाळपासून दुसऱ्यांदा जीप धूत होता. धुतलेलं पाणी वाहत वाहत तिनं उन्हात पसरलेल्या सोयाबीनच्या बियाण्यापर्यंत आलं होतं, आणि ते अडवायचं कामही तिच्याच वाट्याला आलं होतं.

बारा दिवस हेच चाललं होतं. पोरगा सौर पंप बसवायच्या कामावर जात नव्हता. जेवायला बसला की ताटात बोटं फिरवून उठायचा, आणि उठला की फडकं घेऊन गाडीत शिरायचा. बाहेरून गाडी आरशासारखी होती. तरी आत, डाव्या सीटपाशी गुडघे टेकून तो काहीतरी पुसतच राही. नव्या गाडीचं एवढं कौतुक वच्छलाबाईला सोसवत नव्हतं.

"कोनाले दाखवाची हाये? सोयरीक येऊन राह्यली का?"

"नाई आजी."

"मंग कायले तिचं कातडं सोलून राह्यला?"

धम्मरत्न फडकं पिळून पुन्हा आत वाकला.

या घरात जीपबद्दल बोलायचा हक्क वच्छलाबाईचा होता. दुसरीतच तिची शाळा सुटली होती. अक्षरं जोडून वाचायला तिला अजून वेळ लागे. पण जीप तिला तोंडपाठ होती. मेडशीच्या अलीकडच्या या गावात पहिली जीप आली ती मोठ्या घरांच्या आळीत नाही, भीमनगरात आली, तिच्या दारात. तिचा नवरा पुंजाजी सरकारी खात्यात ड्रायव्हर होता. खात्यानं लिलावात काढलेली एक बुटकी जीप त्यानं उचलली. तिला दारं नव्हती, पदर दातात धरून बसावं लागे. समोरची काच बिजागरीवर होती, वाटलं तर बॉनेटवर आडवी करता यायची. थंडीत हँडल मारून मारून पुंजाजीचे खांदे भरून येत तेव्हा कुठं ती जागी व्हायची. पण मागचं फळकं दोन साखळ्यांवर खाली यायचं, आणि वच्छलाबाईच्या लेखी त्या जीपची सगळी अक्कल त्या फळक्यात होती. कोणी चिंचेवरून पडला, कोणाला बैलानं फेकलं, की पुंजाजी आधी फळकं पाडायचा, मग घरातल्या दाराची फळी काढून आणायचा. माणूस फळीवर, फळी जीपमध्ये, पाय बाहेर, आणि उशाशी वच्छलाबाई, त्याचं डोकं दोन्ही गुडघ्यांत गच्च धरून. पडलेल्या माणसाला बसवायचं नाही, वळवायचं नाही. पुंजाजी हे कोणाला समजावत बसत नसे. जो चुके त्याच्या हातावर फटका मारी.

मग लांबी आली. घरात तिला लांबीच म्हणत. डिझेलची, मागे समोरासमोर दोन बाकं, बाजूला रेक्झिनचे पडदे. फाट्यापर्यंत तिच्यात बारा माणसं बसायची आणि चार लोंबकळायची. दोन बाकांच्या मधोमध एक माणूस निजेल एवढीच जागा होती, जशी काही कारखान्यातल्या कोणीतरी स्वतः आडवं होऊन मोजली असावी. त्या जागेतून वच्छलाबाईनं किती जणांना अकोल्याला नेलं ते तिलाही आठवत नव्हतं. दोन पोरं तर तिथंच जन्मली. पुंजाजी गेला, मग लांबीचे कागद संपले, आणि एक दिवस ती कापून भंगारात गेली.

दीड वर्षापूर्वी धम्मरत्ननं ही आणली. गोल दिवे, उभ्या पट्ट्यांची जाळी, चपटं नाक. तोंड तेवढं आज्याच्या जीपचं ठेवलं होतं. पोट मात्र परकं होतं. पक्कं छत, थंड हवा, रस्ता सांगणारा बोलका पडदा, आणि माणसांना चढायला दारं दोनच. मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून फटीतून घुसावं लागे. वच्छलाबाई पाट ठेवून चढायची. तरी ही आली तेव्हा तिनं अख्ख्या भीमनगराला जेवण दिलं. या दारात पुन्हा जीप उभी होती. तिला तेवढं पुष्कळ होतं.

फाटक वाजलं. शेजारच्या जगदेवची बायको उज्ज्वला आत आली. बारा दिवसांपूर्वी जगदेव ट्रॉलीवर रचलेल्या सोयाबीनच्या पोत्यांवरून पाठीवर पडला होता, आणि धम्मरत्ननं याच गाडीतून त्याला अकोल्याला पोचवलं होतं. उज्ज्वला तेव्हा दुसऱ्या गावच्या शिवारात सोंगणीच्या, कापणीच्या कामाला गेलेली. ती तिकडून परस्पर दवाखान्यात गेली, ती आज एसटीनं परत आली होती.

"जयभीम मोठीमाय."

"जयभीम. बस. चा टाकतो."

"बसत नाई. घर झाडाचं हाये. उद्या सुट्टी देऊन राह्यले त्याईले."

"मंग? बरं हाये ना आता?"

उज्ज्वलानं मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही. "मानेखाली काईच हालत नाई. डॉक्टर म्हनते आता घरीच ठेवा. भरवा लागते मले, लेकरावानी."

गाडीच्या पलीकडं वाकलेला धम्मरत्न उठला नाही.

"हे म्हनते, धम्माच्याच गाडीनं येईन. त्यानंच जीव वाचवला माहा." ती गाडीकडं वळली. "येशीन ना भाऊ उद्या?"

फडकं बादलीत पडल्याचा आवाज आला.

"येतो वहिनी."

उज्ज्वला निघाली, फाटकाशी थांबली आणि परत ओट्याजवळ आली. तिनं आवाज खाली आणला, तरी तो गाडीपर्यंत जात होता.

"मोठीमाय, तुमाले सांगतो, कोनाजवळ बोलू नोका. ते त्या दिवशी ट्रॉलीवर चढतच नव्हते. उद्या नेऊ म्हने. मीच म्हनलं, आभाळ येऊन राह्यलं, आजच्या आज न्या. मी नसतं म्हनलं त आज हातानं जेवले असते." पदर तोंडात कोंबून ती गेली.

वच्छलाबाई तिच्या पाठीकडं बघत राहिली. तिच्या डोक्यात एक गोष्ट काही केल्या बसत नव्हती. जगदेव पडला तेव्हा ती स्वतः तिथं पोचली होती. ट्रॉलीच्या चाकापाशी तो उताणा होता. मोठीमाय, माहे पाय कुठी गेले, असं म्हणत त्यानं तिचं मनगट धरलं होतं. अशी पकड, की काचेची एक बांगडी फुटून कातडीत घुसली. पाय गेले होते हे खरं. पण हात?

"धम्मा. इकडे ये."

तो आला. ओट्याखाली उभा राहिला, ओले हात अंगापासून लांब धरून.

"जगदेवचे हात चालू होते. माह्या मनगटाले अजून खूण हाये. मंग ते कुठी गेले?"

त्यानं एकदा फाटकाकडं बघितलं.

"सीटसमोर ती मूठ हाये ना, धराची. निंगालो तेव्हा दोन्ही हातानं धरून होता. बोलत बी होता. पातूरच्या घाटात वळनं लागली, त्याचं डोकं इकडून तिकडे जाऊन राह्यलं. एक हात सुटला. मले वाटलं, थकला अशीन. मंग दुसरा सुटला. मी म्हनलं, दादा, धरा ना. त तो म्हने, धरूनच त हावो."

कुंपणावर एक साळुंकी किंचाळत होती. वच्छलाबाईनं हात उगारून तिला हाकललं.

"दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, मान मोडेल मानसाले बसवून कोनं आनलं? वहिनी तवर आली नव्हती. मी काईच नाई बोललो."

"बसवून!" वच्छलाबाई उसळली. "तुह्या आबाजीनं चाळीस वर्सं मानसं नेली. एकाले बसवून नेलं नाई. अन् तू त्याले पट्टा बांधून पाव्हन्यावानी पुढं बसवला? नवी गाडी मिरवाची होती? अरे, फळी नव्हती का घरात? तुले कोनी सांगाले नव्हतं का?"

ती बोलत राहिली. धम्मरत्ननं तिला पूर्ण बोलू दिलं. तिचा दम संपला तेव्हा तो खालीच बघत म्हणाला,

"आजी, जानराव गाडी घेऊन उभा होता."

एवढंच.

वच्छलाबाईचं तोंड उघडं ते तसंच राहिलं. गावातल्या जानरावचा पिकअप. मागून लांबरुंद, सपाट. सकाळीच बाजारात बकऱ्या सोडून आलेला. जानरावनं घाईघाईनं त्यात कुटाराचं, भुशाचं पोतं फोडून पसरलं होतं, आणि चार जण जगदेवला आडवा उचलायला वाकलेही होते. तेव्हा एक आवाज कडाडला होता. बकऱ्यायच्या लेंड्यात आपला मानूस जाईन? माह्या दारात जीप उभी असतांनी? धम्मरत्न हळूच म्हणाला होता, आजी, हिच्यात आडवं नाई होत. तर तोच आवाज म्हणाला होता, त बसव. पाऊन तासाचा त रस्ता हाये.

तो आवाज तिचाच होता. दुखणाईत माणूस कसा न्यायचा, याबाबतीत त्या आवाजापुढं गावात कोणी बोलत नसे. वाकलेले चौघे सरळ झाले होते. जानरावनं पिकअपचं मागचं फळकं पुन्हा लावून टाकलं होतं.

वच्छलाबाईनं सूप मांडीवर घेतलं. दोनदा पाखडलं. त्यात काही नव्हतं.

"डॉक्टरले काहून नाई सांगतलं?"

"काय सांगू? आजीनं म्हनलं म्हनून बसवला?"

"अन् उज्ज्वलाले?"

"तिले कळल्यावर ती तुह्या ओट्याशी आली असती का? गाव काय म्हनलं असतं तुले? आबाजीच्या मांगं तुह्यापाशी तेवढा मानच त हाये." त्यानं हात पँटला पुसले. साबणाच्या पाण्यात राहून राहून बोटांची टोकं पांढरी पडली होती, कातडी सुटली होती. "मी म्हनलं, राहू द्याव आपल्यापाशीच."

वच्छलाबाई त्या बोटांकडं बघत बसली. मग भिंतीला धरून उठली. पायानं चाचपून चपला शोधल्या, पदर डोक्यावर घेतला, ओट्याच्या पायऱ्या एकेक करून उतरली.

"जानरावले फोन लाव. उद्या अकोल्याले त्याचा पिकअप जाईन म्हन. गादी टाकून."

"अन् तू कुठी चालली?"

"तिच्या घरी."

"आजी, नको." तो वाटेत आडवा झाला. "तू नको जाऊ. मी जातो. माही चूक होती म्हनतो. गाडी माही, चालवत मी होतो. खोटं त नाई ना ते?"

ती त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्या खांद्यालाही तिचं डोकं लागत नव्हतं. तिनं मान वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि बोलली तेव्हा तिच्या आवाजात ओरड नव्हती.

"जगदेवचे हात माह्या तोंडानं गेले. ते मीच सांगीन, अन् तिनं जोडा मारला त मीच खाईन. पन ती बाई आता सोताले दोष देत रडत गेली, अन् तू गाडीमांगं लपून आयकत राह्यला. माह्या इज्जतीपायी. तू वाईट नाईस, धम्मा. पन तुह्या हाती मानूस देता येत नाई."